वस्तादाची जोड आणि डी लायसन : फुटबॉल कोचच्या कागदामागची गोष्ट

शाहू स्टेडियमवरचा सीझन संपत आला की कोल्हापुरातल्या तालमींच्या कट्ट्यावर दरवर्षी तोच प्रश्न येतो. "डी कोर्स कुठं लागलाय? इंग्लिश लागतं काय? ई करून डी करायचा का डायरेक्ट डी?" ई आणि डी म्हणजे फुटबॉल कोचच्या लायसनच्या सगळ्यांत खालच्या दोन पायऱ्या. विचारणारा बहुधा तिशीला टेकलेला असतो. पेठेच्या संघातून सात-आठ सीझन खेळलेला असतो आणि गुडघा कुरकुरायला लागलेला असतो. मलाही हा प्रश्न गुडघ्यानंच पाडला. फॉर्म भरला, कोर्स केला, कागद हातात आला. मग मात्र ही ई-डी-सी-बी-ए अशी उलटी बाराखडी आली कुठून, याचं कुतूहल वाटायला लागलं.

सुरुवात घरापासून करू. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही आमच्या फुटबॉल संघांची नावं. बाहेरगावच्या माणसाला गंमत वाटते, की संघ फुटबॉलचा आणि नाव आखाड्याचं कसं? पण कोल्हापुरात पोरांनी एकत्र जमायची जागा तालीमच होती. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांतून तालमी नांदत्या राहिल्या. पुढं फुटबॉल आला तो याच छपराखाली. पेठेची ईर्षा, वर्गणी, मिरवणूक सगळं तयारच होतं. शिकवायची पद्धतही तिथूनच उचलली गेली, पण अर्धीच.

लाल मातीत वस्ताद काय करतो ते आठवा. पोरगं नवीन आलं की त्याला आधी माती उकरायला लावतो, मग जोर-बैठका. महिनाभरानं धरायला शिकवतो. लढत लावायची वेळ आली की वजन, वय, दम बघून जोड लावतो. बारा वर्षांच्या पोराची जोड वीस वर्षांच्या गड्याशी लावणारा वस्ताद कुणी बघितलाय? फुटबॉलमध्ये आम्ही वस्तादाचा दरारा घेतला आणि जोड मात्र सोडून दिली. गांधी मैदानावर माझ्या लहानपणी बारा वर्षांच्या पोरानं गोलमागं उभं राहून बॉल आणून द्यायचा, आणि खेळणारे कमी पडले की थेट थोरल्यांच्यात उतरायचं, असा शिरस्ता होता. जो टिकला तो प्लेअर झाला. बाकीचे गॅलरीत गेले. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. सिनिअर फुकट शिकवायचे, स्वतःच्या खिशातून बॉलचं पंक्चर काढायचे. पण पेठेला उद्याची मॅच जिंकायची असायची आणि दहा वर्षांच्या पोराकडून उद्याची मॅच जिंकता येत नाही.

कोचला शिकवायला हवं, ही कल्पना इंग्लंडमध्येसुद्धा सहजी पचली नव्हती. तिथल्या फुटबॉल असोसिएशनचे सचिव स्टॅन्ली राऊस यांनी ती रेटली आणि १९४६ मध्ये वॉल्टर विंटरबॉटम यांना प्रशिक्षण संचालक नेमलं. हाच माणूस त्याच वेळी इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजरही झाला. शाळामास्तरासारख्या या गृहस्थाकडून आपण काय शिकायचं, अशी जुन्या खेळाडूंची कुरकुर होती. कोल्हापुरातही मी हे वाक्य ऐकलंय, फक्त भाषा जरा जास्त तिखट होती.

आपल्या खंडात ही गोष्ट जपानातून पसरली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी जपाननं डेटमार क्रामर या जर्मन कोचला बोलावलं. त्यांनी घातलेल्या पायावर जपाननं १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं. दुसऱ्याच वर्षी, १९६९ मध्ये, फिफानं आशियातल्या कोचांसाठी जपानात क्रामर यांच्याच हाताखाली पहिला मोठा अभ्यासक्रम भरवला. आपले जुने भारतीय फुटबॉलपटू पी. के. बॅनर्जी तिथूनच शिकून आले आणि पुढं कोलकात्याच्या मैदानावर त्यांनी कोच म्हणून जे राज्य केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

तरीही आपला सगळ्यांत मोठा कोच या कागदांच्या आधीचा, हे मान्य करायला हवं. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशानं शिक्षक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप नेला. १९५१ आणि १९६२ च्या एशियाडमध्ये भारताला सुवर्ण मिळालं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये संघ चौथा आला, तिन्ही वेळा कोच रहीमसाहेबच. पोरांचा कच्चा पाय पक्का व्हावा म्हणून ते फक्त कच्च्या पायानं खेळायच्या मॅचेस लावत, असं सांगतात. कट्ट्यावर कुणी म्हणालं, "रहीमसाहेबांकडं कुठलं लायसन होतं?" की माझं उत्तर ठरलेलं असतं : पोरं शिकवायचं त्यांचं लायसन शाळेतलं होतं. आणि १९६३ मध्ये ते गेल्यावर त्यांची विद्या पुढं कुणाकडं गेली? लिहून ठेवलेलं नव्हतं, शिकवणारी दुसरी फळी नव्हती. वस्तादी परंपरेत हे नेहमीच होतं. वस्ताद गेला की त्याच्या मुठीतला डाव त्याच्याबरोबर जातो.

सरकारनं मात्र तोवर एक वाट काढली होती. १९६१ मध्ये पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था, म्हणजे एनआयएस, सुरू झाली, १९७३ पासून तिला नेताजी सुभाषचंद्र बोसांचं नाव आहे. कुस्तीपासून फुटबॉलपर्यंत खेळांच्या कोचिंगचा डिप्लोमा तिथं मिळू लागला. एखाद्याविषयी "तो एनआयएस झालाय" असं म्हटलं की आजही गावाकडं मान मिळतो, कारण क्रीडा खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या कोचच्या नोकरीचा दरवाजा बराच काळ याच डिप्लोमानं उघडत आला. पण वर्षभर पंजाबात जाऊन राहणं कुणाला परवडणार? गुजरीत सोनारकाम करणाऱ्याला, एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्याला, की रिक्षा चालवणाऱ्याला? पेठेतला फुटबॉलवाला हाच. त्यामुळं एनआयएसचे कोच सरकारी मैदानावर राहिले आणि तालमीत सिनिअरचंच राज्य चालू राहिलं.

आजची पायऱ्यांची व्यवस्था युरोपातून आली. एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालत नव्हता, म्हणून युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघानं, १९९८ मध्ये कोचिंग करार केला आणि बी, ए, प्रो अशा समान पायऱ्या ठरवल्या. आशियाई महासंघानंही सी, बी, ए आणि त्यावर प्रो अशी उतरंड लावली. त्याच्या खाली आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं डी आणि त्याही खाली ई आणली. म्हणून ही बाराखडी उलटी : वरची अक्षरं आधी ठरलेली होती, खालच्या पायऱ्या मागून बांधल्या. कागदावर कधी सर्टिफिकेट, कधी डिप्लोमा असं छापतात. तालमीत सगळ्याला 'लायसन'च म्हणतात आणि मीही तेच म्हणतो.

वरून दाब आला तो व्यावसायिक क्लबांच्या नियमांतून. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या संघाच्या मुख्य कोचला प्रो किंवा त्याच्या तोडीचं लायसन लागतं. मुंबईच्या क्लब फुटबॉलमध्ये कोच म्हणून उभे राहिलेले खालिद जमील २०१७ मध्ये मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून देतात, पुढं आयएसएलमध्ये कायमस्वरूपी नेमलेले पहिले भारतीय मुख्य कोच होतात आणि २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रं घेतात. हा सगळा प्रवास पायऱ्या चढल्याशिवाय कागदोपत्रीच अडला असता.

खालून ओढ आली २०१७ मध्ये. सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक भारतात झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभरात शाळाशाळांतून 'मिशन वन मिलियन' म्हणून पोरं मैदानात उतरवली. भारतीय संघात आमचा अनिकेत जाधव होता. त्याचं नाव यादीत आलं त्या दिवसापासून कोल्हापुरात आईबाप पोराचा हात धरून मैदानावर यायला लागले. पूर्वी पोरगं लपूनछपून यायचं, आता बाप विचारतो, "सर, फी किती आणि तुमचं क्वालिफिकेशन काय?" या दुसऱ्या प्रश्नानं आमच्या पिढीला कोर्सला पाठवलं, खरं तर.

आता कोर्सच्या आत काय असतं ते एका प्रसंगातून सांगतो. डीच्या तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. माझ्याबरोबरच्या एका पठ्ठ्यानं (उत्तम स्टॉपर, अजून हेडिंगला कुणाला ऐकत नाही) बारा पोरं एका रांगेत लावली. कोनमधून ड्रिबल करायचं, गोलवर मारायचं, परत रांगेत यायचं. आपल्याकडं सगळेच असं घेतात. इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत. बाजूला उभे राहून त्यांनी रांगेतलं एकच पोरगं धरलं आणि त्याच्या पायाला बॉल किती वेळा लागला, ते बोटांवर मोजलं. दहा मिनिटं झाली, शिट्टी वाजली. "या मुलाला किती टर्न मिळाले?" आमचा अंदाज दहा-बारा. त्यांनी चार बोटं दाखवली. उरलेला वेळ पोरगं उभं होतं आणि पुढच्याच्या पाठीत गुद्दे घालत होतं.

मग त्यांनी तीच बारा पोरं घेतली, तीन-तीनचे चार संघ केले, दोन छोटी मैदानं आखली आणि चार छोटे गोल लावले. थोराड पोरं एका मैदानावर, किरकोळ पोरं दुसऱ्यावर. बोलले फार थोडं. दहा मिनिटांत तेच पोरगं घामाघूम. माझ्या शेजारी दिलबहारचा एक जुना खेळाडू बसला होता, तो हळूच म्हणाला, "ही जोडच लावली की!" वहीत त्या दिवसाखाली मी तेवढंच लिहिलं. वयाप्रमाणं मैदान, बॉल आणि माणसं, हे डीचं सगळ्यांत मोठं सूत्र. आमच्या शेजारच्या आखाड्यात ते पहिल्यापासून होतं, मैदानावर यायला मात्र त्याला झुरिक, क्वालालंपूर, दिल्ली असा फिफा, आशियाई महासंघ आणि आपला महासंघ यांच्या कचेऱ्यांमधून वळसा पडला.

सगळं गोड नाही. कोर्स कोल्हापुरात क्वचित लागतो, पुण्या-मुंबईला जायचं म्हणजे फी, राहणं आणि बुडालेला रोज. मला एका ठिकाणी दोन महिने आधी पैसे भरूनही जागा नाही म्हणून ऐनवेळी परत पाठवलं होतं, तो राग अजून आहे. पुस्तिका इंग्रजीत असते, शिकवताना हिंदी-मराठी चालते, आणि खरं सांगायचं तर प्रॅक्टिकलमध्ये भाषेपेक्षा तुम्ही उभं कुठं राहता ते जास्त बघतात. पोरींना शिकवणाऱ्या बायका अजून फारच थोड्या आहेत. खास महिलांसाठी डी कोर्स लागतात, पण घरातून आठवडाभर सुटका मिळणं हा तिथला खरा अडथळा.

सुरुवात करणाऱ्यानं महासंघाच्या नोंदणी प्रणालीत आधी नाव घालावं. कधीच शिकवलं नसेल तर ग्रासरूट्स किंवा ई पासून जावं. डीला वय अठरा पूर्ण लागतं. डी साधारण आठवडाभराचा, शेवटी लेखी आणि प्रॅक्टिकल. सी, बी, ए हे टप्प्याटप्प्यांत होतात, मधल्या काळात स्वतःच्या संघावर काम करून दाखवावं लागतं, आणि मिळालेलं लायसन ठरावीक काळानं ताजं करून घ्यावं लागतं. म्हणून कोर्सच्या आधीच रोज समोर उभी राहणारी दहा-बारा पोरं असायला हवीत. फॉर्म भरायच्या आधी महिनाभर त्यांना घेऊन बघा, आणि रोज एकाच पोराचे टर्न मोजा. पहिल्या आठवड्यात माझा आकडा नऊ होता. कट्ट्यावर मी तो बरेच दिवस कुणाला सांगितला नाही.