भिंत आहे, तरी वीज जाते: गॅप जंक्शनच्या शोधामागची कहाणी

हृदयाच्या स्नायूचा एक भाग इजेने मेला, तरी मरण पुढे सरकत नाही. शेजारच्या पेशी थोड्याच वेळात आपल्यापुरती वाट बंद करून घेतात. थिओडोर एंगेलमान यांनी १८७७ मध्ये हे नोंदवलं. जिवंतपणी मात्र याच पेशी एका ठेक्यात आकसतात. मग हृदय म्हणजे एकच सलग जाळं की सुट्या पेशी? बराच काळ पारडं सलग जाळ्याकडे झुकलेलं होतं. १९५४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींमधली पटलं, म्हणजे पेशींची वेष्टणं, स्वच्छ दिसली आणि तो वाद मिटला. पण त्यामुळे पंचाईतच झाली: मध्ये भिंत असताना वीज पलीकडे जाते कशी? स्विस शास्त्रज्ञ सिल्व्हियो वाइडमान यांनी १९५२ मध्येच मोजून दाखवलं होतं, की हृदयातल्या पर्किंजे तंतूंत (ठोक्याचा विद्युत संदेश वाहून नेणाऱ्या तंतूंत) विद्युत परिणाम एका पेशीच्या लांबीच्या कितीतरी पट दूर पोचतो.

उत्तर होतं गॅप जंक्शन, म्हणजे शेजारच्या पेशींना थेट जोडणारे बारीक मार्ग. त्याचे धागेदोरे हृदयाबाहेर मिळाले. फर्शपान आणि पॉटर यांनी १९५९ मध्ये क्रेफिश या कोळंबीसारख्या जलचराच्या मज्जातंतूंच्या एका जोडावर प्रवाह रसायनाच्या मध्यस्थीशिवाय पलीकडे जातो, हे सिद्ध केलं. १९६४ मध्ये लोवेनस्टाइन आणि कान्नो यांनी फळमाशीच्या अळीची लाळग्रंथी निवडली. तिच्या पेशी एवढ्या मोठ्या, की एकेकीत काचेची बारीक सुई खुपसता येते. एका पेशीत चमकणारा फ्लुरेसिन रंग सोडला, तर तो बाहेर न सांडता शेजारणीत उतरला. म्हणजे नुसती वीजच नाही, छोटे रेणूही जात होते.

वाट डोळ्यांना दिसली ती १९६७ मध्ये. पेशी जिथे एकमेकींना भिडतात तिथे दोन्ही पटलं चिकटलेलीच आहेत, असा समज होता. रेव्हेल आणि कार्नोव्हस्की यांनी उंदराच्या हृदयाच्या आणि यकृताच्या ऊतीत लॅंथनम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गडद दिसणारं धातूचं द्रव्य) मुरवलं. ते पटलांमधल्या जेमतेम दोन नॅनोमीटरच्या फटीत शिरलं आणि मधोमध षटकोनी नक्षीत मांडलेले कण उठून दिसले. तेच मार्ग. प्रत्येक बाजूची सहा प्रथिनं मिळून अर्धी नळी होते, समोरासमोरच्या दोन अर्ध्या नळ्या जुळल्या की वाट पूर्ण.

या प्रथिनांना कनेक्सिन म्हणतात; त्यांचे प्रकार आकड्यांनी ओळखले जातात. १९८६ मध्ये यकृतातल्या कनेक्सिनचा जनुकीय क्रम हाती आला, पुढच्याच वर्षी हृदयातल्या कनेक्सिन ४३ चा. गंमत म्हणजे ज्या क्रेफिशने आणि फळमाशीने रस्ता दाखवला, त्यांच्याकडे कनेक्सिन नाहीच! त्यांच्या नळ्या इन्नेक्सिन या वेगळ्याच प्रथिनकुळाच्या. रचना मात्र बरीच मिळतीजुळती.

वैद्यकाने खऱ्या अर्थाने दखल घेतली ती आजारांमुळे. १९९३ मध्ये कनेक्सिन ३२ मधल्या बिघाडाचा संबंध हातापायांच्या नसा अधू करणाऱ्या शार्को-मारी-टूथ विकाराच्या एका प्रकाराशी जुळला. १९९७ मध्ये आनुवंशिक बहिरेपणामागे कनेक्सिन २६ सापडलं. आंतरकर्णातल्या आधारपेशींमधून पोटॅशियमची ने-आण ज्या नळ्यांतून होते, त्यांत हे प्रथिन असतं. युरोपीय वंशाच्या रुग्णांत त्याच्या जनुकातला '३५डेलजी' हा बदल जास्त दिसतो, तर भारतीय रुग्णांत 'डब्ल्यू२४एक्स'.