हॉक माउंटनवरील शिकारी पक्ष्यांची गणना

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॉक माउंटन या डोंगरावरून दर शरद ऋतूत दक्षिणेकडे जाणारे गरुड, ससाणे, हॉक (बाज-शिकऱ्यांसारखे शिकारी पक्षी) आदी पक्षी मोजण्याचा उपक्रम. १९३४ साली सुरू झालेली ही गणना महायुद्धातील १९४३ ते १९४५ ही वर्षे सोडली तर आजवर चालू आहे. शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराची ही जगातली सर्वांत जुनी नोंद मानली जाते. मोसम १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर असा चार महिन्यांचा असून त्यात साधारण १८ ते २० हजार पक्षी मोजले जातात.

मोजणाऱ्यांच्या आधी याच खडकांवर बंदूकवाले बसत. कोंबड्या आणि माणसे ज्यांची शिकार करत ते पक्षी मारणारी जात म्हणून या शिकारी पक्ष्यांवर राग होता. १९२९ मध्ये तर राज्याच्या शिकार खात्याने गोसहॉकवर (आपल्या बाजाचा हा भाऊबंद) पाच डॉलरचे इनाम लावले. १९३२ साली रिचर्ड पाउ यांनी जमिनीवर ओळीने मांडलेल्या मेलेल्या पक्ष्यांची छायाचित्रे काढली. ती पाहून न्यूयॉर्कच्या निसर्गरक्षक रोझली एज यांनी १९३४ मध्ये सुमारे १,४०० एकर डोंगर भाड्याने घेतला आणि मॉरिस ब्राउन व त्यांच्या पत्नी अर्मा यांना राखणीला बसवले. बंदुका थांबल्या. त्याच हंगामात ब्राउन यांनी वरून जाणारे पक्षी वहीत टिपायला सुरुवात केली.

पक्षी याच धारेवरून का जातात, याचे उत्तर वाऱ्यात आहे. किटाटिनी ही डोंगरधार ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाते. थंड हवेची आघाडी (येणाऱ्या थंड हवेची पुढची कड) सरकून गेली की वायव्येचा वारा तिच्यावर आडवा आदळतो आणि वर चढतो. पावसाळ्यात नाणेघाटात धबधब्याचे पाणी उलटे उडताना ज्याने पाहिले आहे, त्याला हा वारा वेगळा समजावून सांगायला नको. त्याच्यावर पंख टेकवले की पंख न हलवता मैलच्या मैल कापता येतात.

सप्टेंबरात ब्रॉड-विंग्ड हॉक हजारांनी जातात आणि बघ्यांची गर्दीही तेव्हाच होते. जाणत्यांचा महिना मात्र नोव्हेंबर. ऊन तिरपे होते, जमिनीवरून वर उठणारे गरम हवेचे झोत मंदावतात आणि पक्ष्यांना धारेचाच आधार उरतो. त्यामुळे ते खालून, कधी कधी तर नजरेच्या पातळीवरून जातात. रेड-टेल्ड हॉक, गोसहॉक आणि सोनेरी गरुड हे या दिवसांचे प्रवासी. सोनेरी गरुड साऱ्या मोसमात शंभराच्या आसपास दिसतात, म्हणून बोचऱ्या वाऱ्यातही माणसे खडक सोडत नाहीत. मानेवरची सोनेरी झाक जवळूनच दिसते. लांबून ओळख पटते ती पंख किंचित वर उचलून धरण्यावरून. बाल्ड ईगलचे (पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी गरुडाचे) पंख फळीसारखे सपाट असतात. सोनेरी गरुडाच्या पिल्लाच्या शेपटीचे मूळ पांढरे असते.

मोजणीची रीत साधी, पण कडक आहे. ठरलेल्या जागेवरून दर तासाला जातवार आकडे लिहायचे आणि त्यांच्यासोबत वारा, ढग, तापमान यांची नोंद करायची. घिरट्या घालणारा थवा तिथेच मोजायचा नसतो. पक्षी उंची गाठून एकामागून एक रांगेने बाहेर सरकतात, तेव्हा क्लिकर (आकडा पुढे सरकवणारे हातातले यंत्र) दाबायचा. निरभ्र निळे आकाश सुंदर खरे, पण मोजणाऱ्याला नकोसे, कारण त्यात ठिपका हरवतो. पांढरे ढग बरे. खांबावर एक नकली घुबडही लावलेले असते. त्याच्यावर झडप घालायला लहान हॉक जवळ येतात.

इथला आकडा म्हणजे एकूण पक्ष्यांची शिरगणती नव्हे, कारण कितीतरी पक्षी दुसऱ्या वाटांनी जातात. तीच जागा आणि तीच रीत ठेवून वर्षानुवर्षे मोजल्याने चढउतार कळतो, एवढेच. पण या ‘एवढेच’ने मोठे काम केले. १९३५ ते १९३९ या काळात इथे दिसलेल्या बाल्ड ईगलांपैकी ४० टक्के पहिल्या वर्षातले होते. १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आले आणि १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच पिल्लू दिसले. लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध हेच आकडे मांडले. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली. आता इथे एका मोसमात काहीशे बाल्ड ईगल मोजले जातात.

आकडे फसवतातही. हिवाळे सौम्य झाल्याने काही रेड-टेल्ड हॉक उत्तरेतच मुक्काम करतात. इथला आकडा घसरतो, पक्षी मात्र जिवंत असतात.

मेक्सिकोतील वेराक्रूझमध्ये एका शरद ऋतूत चाळीस लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात. नेपाळमध्ये अन्नपूर्णेजवळ ठुलाखर्क येथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमालयाच्या कडेने पश्चिमेकडे निघालेले स्टेपी गरुड मोजतात. नागालँडहून आफ्रिकेकडे जाणारे अमूर ससाणे याच सुमारास लोणावळ्याच्या आसपासही दिसतात. हिवाळ्यात भारतातल्या माळरानांवर येणारे भोवत्या (हॅरियर) पक्षी मोजण्याची वेळ संध्याकाळची. ते गवतात जमिनीवरच एकत्र रात्र काढतात, त्यामुळे उतरताना मोजता येतात.