हँड वेट : चालणाऱ्या-पळणाऱ्यांच्या हातातलं वजन

चालताना किंवा जॉगिंग करताना दोन्ही हातात धरायचं छोटं वजन म्हणजे हँड वेट. जिममधला डंबेल आणि हे दिसायला चुलत भाऊ वाटतात, पण काम वेगळं आहे. डंबेल आपण उचलतो, खाली ठेवतो, मध्ये थांबतो. हँड वेट मात्र अर्धा-पाऊण तास हातासोबत सतत झुलत राहतं, एका मिनिटात पन्नास-साठ हेलकावे, म्हणजे अर्ध्या तासात दीड हजाराच्या वर. त्यामुळे जिमचा डंबेल उचलून ट्रॅकवर नेला की काम झालं असं होत नाही, त्याची घडण वेगळीच लागते, आणि ही नोंद मुख्यतः त्या घडणीबद्दल आहे.

हातात वजन घेऊन व्यायाम आपल्याकडे नवा नाही. तालमीत मुद्गल आणि करेल, म्हणजे लाकडाची जड वजनं, फिरवायचे, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात लाकडी डंबेल्सची कवायत ज्यांनी केलीये त्यांना तो टक-टक आवाज अजून आठवत असेल. प्राचीन ग्रीसमध्ये लांब उडी मारणारे खेळाडू हातात दगडाची किंवा शिशाची वजनं घ्यायचे, त्यांना हाल्टेरेस म्हणत. चालण्याला वजनाची जोड द्यायची पद्धत गाजली ती १९८० च्या दशकात अमेरिकेत, पिट्सबर्गचे मानसोपचारतज्ज्ञ लिओनार्ड श्वार्ट्झ यांनी ती हेवीहँड्स नावानं लोकांपुढे आणली. वजन नुसतं लटकवून चालायचं नाही, हात मुद्दाम वर-खाली जोरात हलवायचे, म्हणजे पायांबरोबर खांदे-दंडही कामाला लागतात आणि हृदयाला जास्त मेहनत पडते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या वजनाच्या मुठीवर हाताच्या मागून जाणारा पट्टा होता, आणि मला विचाराल तर सगळ्या डिझाइनमधली सगळ्यात शहाणी गोष्ट तो पट्टाच आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

नाशिकमध्ये पहाटे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा गोदा पार्कला गेलं की चालणाऱ्यांची कमी नसते. हातात वजन घेऊन चालायचं मनात आलं की सुरुवात बहुतेक घरात जे सापडेल त्यानं होते, पाण्याची अर्धा लिटरची बाटली, मुलाचा जुना डंबेल, नाहीतर वाळू भरलेला मनगटाचा पट्टा. बाटली वाईट नाही, अर्धा लिटर पाणी म्हणजे बरोबर अर्धा किलो, पण ती जाड असते, घामानं निसटते आणि अर्धी प्यायली की आतलं पाणी डचमळून मनगटाला उलटसुलट झटके देतं.

आता वजन किती असावं हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, पण खरा प्रश्न ते हातावर कुठे आहे हा आहे. हिशोब करून बघा. ६० किलोच्या माणसाचा एक हात खांद्यापासून बोटांपर्यंत साधारण ३ किलोचा असतो, म्हणजे शरीराच्या ५ टक्के, त्यात नुसता पंजा जेमतेम ३५०-४०० ग्रॅमचा. त्या पंजात अर्धा किलो दिलं तर एकूण हाताचं वजन सहाव्या हिश्शानंच वाढतं, हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण हात झुलतो खांद्यातून, आणि झुलणारी वस्तू हलवायला किती जड जाते हे वजन गुणिले अंतराचा वर्ग असं मोजतात, अंतर दुप्पट तर जडपणा चौपट. पंजा खांद्यापासून सगळ्यात लांब. म्हणून सरळ हातात अर्धा किलो घेतलं की हात हलवणं साधारण दीडपट जड होतं आणि एक किलो घेतलं की दुपटीच्याही वर जातं. तेच अर्धा किलो वर सरकवून कोपराच्या थोडं खाली बांधलं तर त्या वजनाचा भार निम्म्यावर येतो. कोपर वाकवून चाललं तरी तेच, वजन खांद्याच्या जवळ येतं आणि हात हलका होतो. ज्यांना हात जड वाटतो त्यांनी वजन बदलायच्या आधी कोपर वाकवून बघावं, फुकटचा उपाय आहे.

जॉगिंगमध्ये हे अजून वाढतं. चालताना मिनिटाला ११० पावलं धरली तर हात ५५ वेळा जाऊन येतो, पळताना १६५ पावलं तर ८२ वेळा. वेग दीडपट झाला, पण प्रत्येक टोकाला वजन थांबवून उलटं फिरवायला लागणारा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे झोका तेवढाच ठेवला तर सव्वादोन पटीच्या आसपास. चालताना जे अर्धा किलो छान वाटतं ते पळताना खांद्याला किलोभरासारखं लागतं ते यामुळेच. पळणाऱ्यानं पाव किलोच्या पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि वेग वाढवायचा असेल तर हात मोकळेच बरे.

फायदा किती होतो तेही सरळ सांगायला हवं, कारण विकणारे फार फुगवून सांगतात. दीड किलोच्या आतली वजनं, म्हणजे एक ते तीन पौंड, हातात घेऊन नीट हात हलवत चाललं तर कॅलरीचा खर्च ५ ते १५ टक्क्यांनी वाढतो आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ५ ते १० नी. हात नुसते खाली लटकत ठेवले तर त्यातलं फारसं काहीच मिळत नाही. दीड किलोच्या वर गेलं की फायद्यापेक्षा खांदा, कोपर आणि मनगट दुखायची शक्यता वाढते. मी स्वतः सुरुवातीला एक-एक किलोची जोडी घेतली होती, तिसऱ्या आठवड्यात कोपराची बाहेरची बाजू इतकी दुखायला लागली की चहाचा कप उचलताना कळ यायची. त्यानंतर वजन कमी केलं आणि मूठ बदलली.

मूठ म्हणजे या वस्तूचा जीव. वजन घट्ट धरून ठेवायला लागलं की हाताचे स्नायू सतत आवळलेले राहतात, आणि असं आवळून धरल्यानं रक्तदाब वाढतो. ज्यांना आधीच बीपी आहे त्यांच्यासाठी ही बारीकसारीक गोष्ट नाही. अर्धा तास मूठ आवळून चालणं म्हणजे कोपराच्या शिरा-स्नायूंवर ताणच ताण. म्हणून चांगल्या हँड वेटला हाताच्या मागून, बोटांची मुळं आणि मनगट यांच्या मधून जाणारा पट्टा असतो. पट्टा सांध्यांवर नको, तिथे घासतो. ३५-४० एमएम रुंदीचा जाड इलॅस्टिक किंवा वेल्क्रोचा पट्टा असला की बोटं पूर्ण उघडली तरी वजन तळव्याला चिकटून राहतं. तपासायची पद्धत साधी आहे : वजन घाला, बोटं पसरा आणि हात जोरात झटका. वजन जागचं हललं नाही तर पट्टा बरोबर, घसरलं तर मूठ आवळायची सवय लागणारच.

मुठीची जाडी ३० ते ४० एमएम बहुतेक हातांना जमते, छोट्या हाताला ३० च्या जवळची. त्यापेक्षा बारीक असेल तर बोटं तळव्यात रुततात, जाड असेल तर पकड बसत नाही. आकार लांब नको. दोन टोकांना गोळे असलेला डंबेल हातात फिरायला बघतो, कारण वजन मुठीपासून दूर दोन्हीकडे आहे, आणि प्रत्येक झोक्याला मनगट त्याला आवरत बसतं, शिवाय टोक मांडीला लागतं ते वेगळंच. वजन जेवढं तळव्याच्या मध्यात गोळा झालेलं तेवढं चांगलं.

आणि इथेच धातूचा मुद्दा येतो. अर्धा किलो वाळूला ३०० घनसेंटीमीटरच्या वर जागा लागते, काँक्रीटला २०० च्या पुढे, बिडाला ७० आणि स्टीलला फक्त ६४. भाजीवाल्याचं अर्धा किलोचं षटकोनी बिडाचं माप हातात घेऊन बघा, तळव्यात मावतं. (त्या मापाच्या बुडाला शिशाचा ठिपका असतो ना, तो वजन अचूक जुळवायला भरलेला असतो, आणि हँड वेटची जोडी सारखी करायलाही ही युक्ती चालते, फक्त शिसं नको, ते विषारी आहे आणि घामट हातात तर अजिबातच नको. छोटं भोक पाडून थोडं स्टील काढलं तरी जोडी जुळते.) पितळ स्टीलपेक्षाही थोडं जड, ८.५ घनतेचं, आणि नाशिकला भांडी बाजार असताना पितळी जोडी करून घ्यायचा मोह होतोच, पण महाग पडतं आणि घामानं काळं होतं, हाताला वासही येतो.

करून घ्यायचंच असेल तर नाशिकसारखं गाव नाही. मायको (आताचं बॉश), महिंद्रा अशा कारखान्यांच्या आसपास सातपूर-अंबडला लेथची कितीतरी छोटी वर्कशॉप्स वाढली, आणि हा जॉब लेथवाल्यासाठी अगदी किरकोळ आहे. एमएसचा, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलचा, २८ एमएमचा राउंड बार घ्यायचा, १०३ एमएम लांब कापायचा, झालं अर्धा किलो. तळवा साधारण ८-९ सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे दोन्हीकडून सेंटीमीटरभरच बाहेर. हात मोठा असेल तर ३२ चा बार ७९ एमएम. पाव किलो हवं असेल तर लांबी निम्मी करू नका, तळव्यात बसत नाही, बार मधून पोकळ करायला सांगा. दोन्ही तोंडांना मोठा चॅम्फर मारून, म्हणजे कडा तिरप्या कापून, घ्यायचा, धार अजिबात ठेवायची नाही, पडलो तर तेच टोक छातीत किंवा गालात लागतं. नर्लिंग, म्हणजे बारवर खरखरीत जाळी, करून देऊ का असं लेथवाले आपणहून विचारतात, पकड चांगली येते म्हणून, तर नको म्हणायचं. जिमच्या रॉडला ते ठीक, इथे दीड हजार हेलकाव्यांत तळहात सोलून निघतो. त्याऐवजी ३-४ एमएम जाडीची फोमची नळी चढवायची, मग २८ चा बार ३५ च्या आसपास जातो, मुठीला बरोबर. पट्टा बॅग शिवणाऱ्याकडून शिवून घेता येतो, फक्त अडकवायला दोन्ही टोकांना खाच हवी, ती लेथवरच मारून घ्यायची.

नाशिकच्या हवेचा विचार केला नाही तर वर्षभरात वस्तू खराब होते. पावसाळ्याचे चार महिने आणि घामाचं मीठ, दोन्ही मिळून उघड्या एमएसला दोन आठवड्यात गंज धरवतात, म्हणून फोमच्या आत बार उघडा ठेवायचा नाही, पावडर कोटिंग किंवा झिंक प्लेटिंग करूनच नळी चढवायची. फोम पाणी पिणारा नको, बंद पेशींचा हवा, नाहीतर आतून कुजट वास येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथे गारठा कसा असतो ते नाशिककरांना सांगायला नको, तेव्हा उघडं लोखंड हातात धरवत नाही, बोटं बधिर होतात आणि बधिर हात नकळत अजून जोरानं आवळतो. त्या दिवसांत फोमवर कापडी कव्हर घातलं की फरक पडतो.

अंधारात निघणाऱ्यांसाठी टोकाला रिफ्लेक्टर टेप लावायची, झुलणारा हात गाडीवाल्याला लांबून दिसतो. पट्टा एका झटक्यात सुटला पाहिजे हेही बघायचं, कारण कुत्रं अंगावर आलं किंवा पाय अडखळला तर हात मोकळे लागतात. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर मात्र वजनं नेऊ नयेत असं मी आग्रहानं सांगेन, विशेषतः उतरताना, कारण तिथे हात तोल सावरायला हवेत आणि दगडी पायरीवर वजनासकट पडणं म्हणजे मनगट गेलंच.

पर्यायही आहेत. मनगटी पट्टा हात मोकळा ठेवतो हा मोठा गुण, पण तो सैल असला की वर-खाली घसरून कातडी सोलतो, आणि आत वाळू असेल तर शिवण उसवून ती गळते. लोखंडी छर्रे भरलेले असतील तर ते गच्च हवेत, नाहीतर प्रत्येक पावलाला खुळखुळ. वजनाचं जॅकेट धडावर बसतं, खांद्याच्या झोक्याला त्रास देत नाही, ज्यांना मुख्यतः पायांना आणि दमाला काम द्यायचंय त्यांना तेच जास्त योग्य. घोट्याला बांधायची वजनं घेऊन चालणं-पळणं टाळावं, गुडघा आणि कंबर दोन्हीवर ताण येतो.

हृदयाचा त्रास, बीपी, फ्रोझन शोल्डर, टेनिस एल्बो किंवा हाताला मुंग्या येणं यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. बाकीच्यांनी पाव किलोच्या जोडीनं पहिले पंधरा दिवस रोज दहाच मिनिटं, तेही फेरीच्या मधल्या भागात, सुरुवातीला आणि शेवटी हात रिकामे. एकाच हातात वजन कधी घ्यायचं नाही. फोन आला की दोन्ही वजनं एका हातात धरून बोलत चालायचं असं करू नका, थांबा, खाली ठेवा, बोला, मग उचला. आणि जोडीतल्या दोन्ही नगांवर वजन कोरून घ्या, घरात दोन जोड्या झाल्या की एक पाव किलोचं आणि एक अर्ध्या किलोचं उचलून निघायला वेळ लागत नाही आणि तो फरक दुसऱ्या दिवशी मानेला कळतो.