लीडरबोर्ड टाकला म्हणजे चॅलेंज झालं, असं नसतं हो

स्मार्टवॉचच्या अ‍ॅपमध्ये काहीतरी सोशल टाकायचं ठरलं की मीटिंगमध्ये कोणीतरी बोलतंच, "लीडरबोर्ड टाकू ना, तेच चॅलेंज." मी याच कामावर पोट भरते आणि ही चूक स्वतः करून बसलीये, म्हणून जरा हक्काने सांगते.

लीडरबोर्ड म्हणजे कोण कितव्या नंबरवर याची सतत दिसणारी यादी, सोसायटीच्या गेटजवळच्या त्या बोर्डसारखी, ज्यावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची नावं लिहितात. कायम लटकलेला, तुम्ही खेळायला उतरलात की नाही कोणी विचारत नाही, नाव आहे म्हणजे आहे. चॅलेंज म्हणजे गल्लीतली अंडरआर्म मॅच. कोण खेळणार, किती ओव्हर, भिंतीला लागला तर आऊट की नॉट आऊट, सगळं आधी ठरतं आणि मॅच संपली की सगळे वडापाव खायला मोकळे.

आता खरी गोम मोजण्यात आहे. लीडरबोर्डवर नुसत्या स्टेप्सचा आकडा येतो. आमच्या टीमने आपसातच ट्रायल घेतली तर रोज पहिला कोण, तर डोंबिवलीवरून येणारा पोरगा, कारण घरापासून स्टेशन, मग घाटकोपरला उतरून मेट्रोचे जिने, मग अंधेरीला परत चालणं, व्यायाम म्हणून काही न करता बिचाऱ्याचे ९-१० हजार होऊन जायचे. आणि रोज शेवटची कोण, तर ऑफिसच्या मागेच राहणारी, जी सकाळी तासभर जिममध्ये वजनं उचलते. दुसऱ्या आठवड्यात तिने घड्याळच काढून ठेवलं. आम्ही म्हणतोय मोटिव्हेशन वाढेल!

अ‍ॅपलने २०१८ साली वॉचओएस ५ मध्ये, म्हणजे त्यांच्या घड्याळाच्या सॉफ्टवेअरमध्ये, जी कॉम्पिटिशन आणली ती बघा. दोघांत, सात दिवस, आणि समोरच्याने हो म्हटलं तरच सुरू. पॉइंट मिळतात ते स्वतःच्या रिंग (रोजचं टार्गेट किती झालं ते दाखवणारी वर्तुळं) किती टक्के भरल्या त्यावर, म्हणजे आईचं टार्गेट छोटं आणि तुमचं मोठं असलं तरी सामना होतो. वर दिवसाला जास्तीत जास्त ६०० पॉइंट, त्यामुळे एखादा रविवारी दिवसभर नॅशनल पार्कात हुंदडला म्हणून आख्खा आठवडा खिशात घालत नाही. पळवाट आहेच म्हणा, टार्गेटच कमी करून ठेवायचं, आपली माणसं ते पहिल्या दिवशी शोधणार.

फिटनेस बँड आणि घड्याळंवाल्या फिटबिटने मार्च २०२३ मध्ये चॅलेंजेस बंद केली आणि लीडरबोर्ड ठेवला. दोन्ही एकच असती तर कोणाला काय फरक पडला असता? पण सोमवार ते शुक्रवारची वर्कवीक हसल (त्यांचं स्टेप्सचं एक चॅलेंज) खेळणारे चांगलेच भडकले, कारण आकडे होते पण मॅच गेली.

अजून एक, आणि डिझाइन करताना हेच सगळ्यात उशिरा सुचतं. कायम चालू असलेला आकडा चुगलीखोर असतो. आमच्याच ट्रायलमध्ये तब्येत बरी नाही म्हणून सुट्टी टाकलेल्या एकाच्या १७ हजार स्टेप्स दिसल्या, साहेब कर्नाळ्याला होते. हसलो आम्ही, पण उलटंही होतं ना, कोणी खरंच आजारी असेल, पाळी असेल, घरात काही झालं असेल, तर दुपारी ३०० स्टेप्स बघून ग्रुपवर "काय गं, उठलीच नाहीस का आज" येतं. चॅलेंजमध्ये निदान त्या सात दिवसांपुरतंच आपण होऊन दाखवलेलं असतं.

शेवटी आम्ही सात दिवसांचं चॅलेंज ठेवलं, निमंत्रण देऊन, टक्क्यांवर, आणि मधेच बाहेर पडलं तर कोणालाही नोटिफिकेशन जात नाही (यावर दोन मीटिंगा भांडले मी). लीडरबोर्ड सुरुवातीला बंदच. बॉस म्हणाला, मग लोकांना तो सापडणार कुठे? म्हटलं, सेटिंगमध्ये आहे की, खाली स्क्रोल करा, अजून खाली.