पोर्टलाइट : जुन्या शिडाच्या नौकेवरील बदली

पोर्टलाइट म्हणजे नौकेच्या केबिनच्या बाजूच्या भिंतीत, क्वचित थेट नौकेच्या कुशीत, उजेडासाठी बसविलेली लहान जलरोधक खिडकी. ती कायमची बंद असते किंवा हवेसाठी आत उघडणारी असते. धातूची किंवा प्लास्टिकची चौकट, काच किंवा काचेच्या जागी पारदर्शक प्लास्टिक, रबराची सीलपट्टी, भोकाची कड झाकणारी, बाहेरून बसणारी पट्टीसारखी कडी आणि उघडणारी असल्यास बिजागरी व आवळण्याचे खटके एवढेच तिचे भाग असतात. १९७० ते १९९० या काळात बांधलेल्या फायबरग्लासच्या शिडाच्या नौकांवर या खिडक्या आता आयुष्य संपल्याच्या अवस्थेत असतात. मूळ उत्पादक बंद पडलेला किंवा ते माप काढणे सोडून दिलेला असल्याने बदली शोधणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसते.

कोकणातील जुने मचवे आणि पडाव यांना अशी खिडकी बहुधा नसे, कारण खलाशांचा वावर उघड्यावरच असे. बंद केबिनची सहलीची नौका येथे युरोपीय वळणाने आली. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ मध्ये स्थापन झाला. आजही गेटवेसमोर, मांडव्याला किंवा गोव्यात नांगरलेल्या शिडाच्या नौकांमध्ये परदेशांतून आलेल्या वापरलेल्या नौका असतात, आणि त्यांच्या खिडक्या ज्या देशात नौका बांधली तेथल्या मापांच्या असतात. कारागिरीची येथे वाण नाही. अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये ज्या नौकेतून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती नौदलाची ‘म्हादेई’ गोव्यातील दिवाडी बेटावरच बांधली गेली आहे. अडचण सुट्या भागांची असते. रत्नागिरी, हर्णे किंवा मालवण येथील बंदरांवरच्या दुकानांतला माल मासेमारीच्या नौकांसाठी असतो. त्यात जाळी, दोर, नौका ढकलणारे पंखे (प्रोपेलर), पंप सारे मिळते, पण ३० फुटी नौकेची पोर्टलाइट सहसा मिळत नाही.

बिघाडाला सुरुवात बहुधा काचेपासून किंवा रबरापासून होते, चौकट पुष्कळ उशिरा जाते. काचेच्या जागी ॲक्रिलिक किंवा पॉलीकार्बोनेट ही पारदर्शक प्लास्टिके असतात. ॲक्रिलिकवर उन्हाने आणि ताणाने केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. पॉलीकार्बोनेट पिवळे पडते आणि लवकर ओरखडते. रबर कडक होऊन आपला मूळ उठाव गमावते, मग खटके कितीही आवळले तरी पाणी थांबत नाही. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस स्टीलचे स्क्रू असतील तर खाऱ्या दमट हवेत दोन धातूंच्या संपर्काने ॲल्युमिनियम झिजते, स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते आणि स्क्रू जागीच धरतो. वर्षाकाठी दोन ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या किनाऱ्यावर गळकी खिडकी ही केवळ गैरसोय राहत नाही. पाणी फायबरग्लासच्या दोन थरांमधील प्लायवुड किंवा बाल्सा लाकडाच्या गाभ्यात उतरते, लाकूड कुजते, आणि खिडकी काढल्यावर भोकाची कड हाताने कुस्करता येते. खिडकीखालच्या अस्तरावर तपकिरी ओघळ दिसू लागले की गाभ्यापर्यंत पाणी गेले आहे असे धरून चालावे.

बदलीचा शोध भोकापासून सुरू करावा. चौकट बदलता येते. केबिनच्या भिंतीतले भोक मात्र नौकेच्या बांधणीचा भाग असते आणि ते बदलणे महाग पडते. म्हणून चौकटीच्या बाहेरच्या कडीचे माप घेऊन मागणी नोंदविणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. कडी भोकावर दोन-तीन सेंटिमीटर सर्व बाजूंनी चढलेली असते आणि तिच्यावरून आतल्या भोकाचा अंदाज लागत नाही. एक खिडकी पूर्ण काढून जाड कागदावर भोकाचा ठसा घ्यावा, त्यावर नाळेची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची, दिशा आणि वरची बाजू लिहावी. लांबी व उंचीइतकीच कोपऱ्यांची गोलाई महत्त्वाची असते. लांबी-उंची तंतोतंत जुळूनही कोपरा अधिक चौकोनी निघाल्यामुळे चौकट अडते असे पुष्कळदा घडते. तिसरे माप भिंतीच्या जाडीचे. चौकटीचा जो गळा भिंतीतून आरपार जातो तो जाडीपेक्षा आखूड असेल तर बाहेरची कडी बसत नाही, फार लांब असेल तर तो बाहेर उघडा राहतो. तो कापून बेतता येतो, पण वाढविता येत नाही. हाताने बांधलेल्या जुन्या नौकांत एकाच भोकाच्या चार बाजूंना जाडी दोन-तीन मिलिमीटरनी वेगळी निघते, म्हणून ती चारही बाजूंना मोजावी. भिंत वक्र आहे का, हेही सरळ पट्टी लावून पाहावे. सपाट चौकट वक्र भिंतीवर स्क्रूंच्या जोरावर ओढून बसविली की ताण काचेवर जातो. डावी-उजवी भोके एकसारखी असतीलच असे नाही.

एवढी मापे हाती आल्यावर चार वाटा उरतात, आणि त्यांपैकी सर्वांत कमी खर्चाची वाट लोक सर्वांत शेवटी पाहतात. चौकट शाबूत असेल तर तीच ठेवून काच आणि रबर बदलणे हा बहुतेक वेळा शहाणपणाचा मार्ग आहे. जुन्या काचेचा साचा देऊन नवी काच कापून घेता येते. कडक केलेली म्हणजे टफन्ड काच हवी असेल तर कापणे, कडा घासणे, भोके पाडणे हे सर्व आधी करून मग ती भट्टीत कडक करावी लागते. कडक झाल्यावर ती कापायला गेल्यास तिचे तुकडे होतात. रबराची चौकोनी किंवा पोकळ पट्टी मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या परिसरात मीटरवर मिळते. उन्हात टिकणारे इपीडीएम रबर घ्यावे, मात्र डिझेल किंवा तेल लागणाऱ्या जागी ते फुगते. पट्टीचा जोड वरच्या बाजूला, बिजागरीजवळ यावा, म्हणजे खाली साचणारे पाणी जोडावर उभे राहत नाही.

दुसरी वाट नव्या तयार खिडकीची. ब्रिटनमधील ल्यूमार, नेदरलँड्समधील व्हेटस, अमेरिकेतील प्लास्टिक खिडक्या करणारी बेकसन आणि स्टेनलेस स्टीलच्या खिडक्यांसाठी ओळखली जाणारी न्यू फाउंड मेटल्स ही या क्षेत्रातील प्रसिद्ध नावे आहेत. त्यांच्या तक्त्यांत प्रत्येक नमुन्यापुढे भोकाचे माप, कोपऱ्याची गोलाई आणि भिंतीची किमान व कमाल जाडी दिलेली असते, म्हणून वरची मापे हाताशी असल्याशिवाय तक्ता उघडण्यात अर्थ नाही. तंतोतंत माप मिळाले नाही तर थोडे मोठे घ्यावे. भोक वाढविणे हे कानशीने किंवा जिगसॉने अर्ध्या दिवसाचे काम आहे. भोक लहान करायचे तर कडा तिरक्या घासून फायबरग्लासचे थर चढवावे लागतात, वर रंग जुळवावा लागतो. परदेशी मालावर वाहतूक आणि सीमाशुल्क पडत असल्याने सर्व खिडक्यांची मागणी एकदम नोंदविणे परवडते, पण आधी एकच खिडकी मागवून बसवून पाहण्याचा संयम ज्यांनी दाखविला त्यांचे पैसे वाचतात.

तिसरी वाट भंगाराची, आणि तिच्याविषयी येथे थोडे सावध करणे आवश्यक आहे. मुंबईच्या दारूखान्यात, चोर बाजारात किंवा गुजरातेतील अलंगहून आलेल्या मालात जहाजांचे गोल पितळी पोर्टहोल दिसतात, आणि त्यांच्या झळाळीचा मोह पडतो. मालवाहू जहाजाचा पोर्टहोल पोलादी भिंतीसाठी आणि जाड काचेसाठी केलेला असतो. त्याचे वजन लहान नौकेच्या केबिनच्या बाजूला झेपत नाही, आणि वर चढविलेले वजन नौकेची स्थिरताही कमी करते. त्यातच बाजारात शोभेसाठी ओतलेले नवे पितळी नगही जुने म्हणून खपतात. पितळात जस्त पुष्कळ असते आणि समुद्राच्या पाण्यात ते हळूहळू निघून जाते, मागे गुलाबीसर, ठिसूळ, सच्छिद्र तांबे उरते. कानशीचा एक ओरखडा मारून रंग पाहिला तर जुन्या नगात हा गुलाबीपणा लगेच दिसतो. शिडाच्या नौकेचेच ब्रॉंझचे पोर्टलाइट भंगारात हाती लागले तर मात्र ते सोडू नये.

चौथी वाट ओतकामाची. तुटलेली चौकट ब्रॉंझची असेल आणि दुसरी धड चौकट नमुन्याला असेल, तर गनमेटलमध्ये नवी ओतून घेता येते. ८५ टक्के तांबे आणि कथील, शिसे व जस्त प्रत्येकी ५ टक्के हे गनमेटलचे प्रचलित मिश्रण झडपा आणि पंपांच्या ओतकामामुळे ओतकाऱ्यांच्या परिचयाचे आहे. जुनी चौकट थेट साचा म्हणून वापरल्यास नवी आकसून लहान निघते. म्हणून लाकडी नमुना दीड ते दोन टक्क्यांनी मोठा करावा, आणि जेथे रबर बसते ती बाजू लेथवर किंवा मिलिंग मशीनवर सपाट करून घ्यावी. एका खिडकीसाठी हा खटाटोप महाग पडतो, आठ खिडक्यांसाठी तो आयात मालाशी बरोबरी करू शकतो.

काचेच्या जागी काय घालावे, याचे उत्तर नौका कोठे जाणार यावर अवलंबून असते. शिडाची नौका वाऱ्याने कलते तेव्हा वाऱ्याआडची बाजू पाण्याला टेकते. ६० बाय १७ सेंटिमीटरच्या खिडकीवर एक मीटर उंचीचे पाणी उभे राहिले तर तिच्यावर सुमारे १०० किलोचा भार येतो, आणि फुटणाऱ्या लाटेचा तडाखा याहून कितीतरी अधिक असतो. म्हणून एसटीच्या खिडकीसारखी नुसत्या रबराच्या खाचेत धरलेली काच सुकाणूघरात चालते, शिडाच्या नौकेच्या केबिनला चालत नाही. २४ मीटरपर्यंतच्या नौकांच्या खिडक्यांची ताकद आणि जलरोधकता आयएसओ १२२१६ या मानकाने ठरविली आहे, आणि जाडी ठरविताना त्याचा आधार घ्यावा. ओतीव ॲक्रिलिक हे बहुतेक ठिकाणी पुरे पडते. ते पॉलीकार्बोनेटइतके चिवट नसले तरी कमी ओरखडते आणि उन्हात अधिक टिकते. बाजारात ओतीव आणि एक्स्ट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेली) अशा दोन प्रकारच्या ॲक्रिलिक शीट मिळतात. दुसरी स्वस्त असते, पण तिच्यात भेगा लवकर पडतात.

प्लास्टिक उष्णतेने बरेच प्रसरण पावते, ही गोष्ट कोकणच्या उन्हात विसरून चालत नाही. गडद रंगाची ६० सेंटिमीटर लांब ॲक्रिलिक काच सकाळपेक्षा दुपारी ४० अंशांनी तापली तर ती दीड मिलिमीटरहून अधिक लांबते. म्हणून स्क्रूचे भोक स्क्रूपेक्षा मोठे पाडावे, स्क्रूचे डोके काचेत खोबणी करून बुडवू नये, आणि काच व चौकट यांमध्ये जागा सोडावी. थिनर, ॲसिटोन किंवा अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव ॲक्रिलिकला लावल्यास काही तासांतच भेगा उमटू शकतात. साबणाचे पाणी पुरते.

सीलंटच्या, म्हणजे फटी बंद करणाऱ्या लगद्याच्या, निवडीत सर्वाधिक घोटाळे होतात. न्हाणीघरासाठी मिळणारे, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन धातू खाते, म्हणून न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन मागून घ्यावे. पॉलीसल्फाइड धातू व लाकडासाठी उत्तम आहे, पण प्लास्टिकच्या काही प्रकारांवर ते घातक ठरते. धातूची चौकट फायबरग्लासवर बसविण्यासाठी ब्यूटाइल ही चिकट रबरी पट्टी सोपी पडते, कारण ती सुकत नाही आणि पुढे खिडकी पुन्हा काढता येते. एकदा सिलिकॉन लागलेल्या जागी दुसरे सीलंट किंवा रंग धरत नाही, त्यामुळे जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून घासावे लागते, आणि हे कंटाळवाणे काम टाळणाऱ्यांची गळती दुसऱ्या पावसाळ्यात परत येते. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. दुकानात न विचारता मिळतात ते बहुधा ३०४ चे असतात, आणि लोहचुंबकाने दोन्हींतला फरक कळत नाही. ॲल्युमिनियमच्या चौकटीत त्यांच्यावर दोन धातूंना वेगळे ठेवणारी, विलगीकरणाची पेस्ट लावावी.

काम ऋतू पाहून आखावे लागते. पावसाळ्यात पूर्वापार होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जात, आता ताडपत्री असते. त्या झाकलेल्या, कोंदट नौकेत गाभ्याचे लाकूड वाळत नाही, आणि दमट हवेत इपॉक्सीवर (दोन द्रव मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेवर) मेणचट थर येऊन पुढचा थर धरत नाही. म्हणून खिडक्या पावसाळा संपल्यावर काढाव्यात, भोकाच्या कडेचा कुजका गाभा खरवडावा, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत लाकूड वाळू द्यावे आणि ती पोकळी दाट केलेल्या इपॉक्सीने भरावी. स्क्रूची भोकेही मोठी पाडून, इपॉक्सीने भरून पुन्हा पाडावीत, म्हणजे पुढे एखादा स्क्रू गळला तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. चौकट बसविताना स्क्रू एका बाजूने सलग न आवळता समोरासमोरचे थोडेथोडे आवळावेत, आणि सीलंट सगळे पिळून बाहेर येईल इतके आवळू नयेत. पातळ थर ताणाखाली तुटतो.

उघडणाऱ्या खिडकीचे रबर तपासण्यासाठी चौकटीच्या कडेला खडू घासून खिडकी बंद करावी व उघडावी. रबरावर खडूची रेघ जेथे तुटते तेथे दाब पोहोचत नाही, आणि तेवढ्याच जागी बिजागरी किंवा खटका सारखा करावा लागतो. मग बाहेरून नळीने पाणी मारावे, पण खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर यावे, आणि आत एकाने विजेरी घेऊन बसावे. वरून सुरुवात केल्यास ओघळ सर्वत्र पसरतो आणि नेमके भोक ओळखता येत नाही. थेंब आत ज्या जागी दिसतो तेथेच तो शिरला असे नसते. डेकवरच्या कठड्याच्या खांबाच्या बोल्टमधून शिरलेले पाणी अस्तरामागून खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात येऊन ठिबकते. म्हणून नव्या खिडकीनंतरही ओल राहिली तर खिडकी पुन्हा काढण्याआधी वरचे बोल्ट उपसून पाहावेत.