काजूच्या टरफलापासून जैवइंधन

शेतमालाच्या काष्ठमय अवशेषांपासून द्रव इंधन काढून त्याची प्रत वाढविण्याच्या तंत्राचा एक प्रकार. गोव्यात भाताचा पेंढा, नारळाची सोडणे, करवंट्या व चुडते आणि काजूचे टरफल हे असे प्रमुख अवशेष होत. पैकी तेल अंगचेच असलेले एकटे टरफल.

इतर अवशेषांपासून तेल मिळवायचे, तर ते वाळवून, बारीक करून, हवा लागू न देता सु. ५०० °से.पर्यंत झटपट तापवावे लागतात आणि निघालेली वाफ एक-दोन सेकंदांत थंड करावी लागते. या क्रियेस जलद पायरोलिसिस म्हणतात. तीतून मिळणारे काळपट तेल पाणीदार व आम्लधर्मी असून त्यात ऑक्सिजनचे प्रमाण ३५ ते ४० टक्के असते; त्यामुळे त्याची उष्णता डिझेलच्या निम्म्याहून कमी भरते, साठवणीत ते घट्ट होते आणि धातूला खाते. प्रत वाढविणे म्हणजे मुख्यतः हा ऑक्सिजन काढणे होय. त्यासाठी निकेल-मॉलिब्डेनमसारख्या उत्प्रेरकावर दाबाखाली हायड्रोजन वापरतात, किंवा वाफ झिओलाइट या सच्छिद्र खनिजावरून नेतात. पहिल्या मार्गात हायड्रोजन महाग पडतो, दुसऱ्यात उत्प्रेरकावर कोळशाची पुटे चढतात.

काजूच्या टरफलातील पोळ्यासारख्या पोकळ्यांत वजनाच्या सु. पाव भागाइतके तेल असते. बिब्बा याच कुळातला, त्यामुळे हे तेल कातडीवर फोड आणते यात नवल नाही. त्यातील मुख्य घटक अ‍ॅनाकार्डिक आम्ल होय. ते तापविल्यावर कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व कार्डानॉल उरते. रेणूतील ऑक्सिजनचे तीन अणू एकावर येतात. इतरत्र ज्यासाठी हायड्रोजन लागतो, त्यातले बरेचसे काम येथे नुसत्या उष्णतेने होते. तरीही कार्डानॉल दाट असते आणि त्याच्या लांब साखळीतील दुहेरी बंधांमुळे इंजिनात राळ धरते. म्हणून ते डिझेलमध्ये मिसळून वापरण्याचे, अथवा हायड्रोजनाने ते बंध भरून काढण्याचे प्रयोग झाले आहेत.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेल्या या झाडाचे बोंड गोव्यात हुराक व फेणी या मद्यांसाठी भट्टीकडे जाते, बी कारखान्यात. टरफले पुष्कळदा बॉयलरखालीच जाळली जातात आणि झोंबरा धूर सोडतात. आधी तेल काढून चोथा जाळणे केव्हाही बरे. बोंडांचा चोथा मात्र ओला असतो. तो वाळविण्यातच पुष्कळ उष्णता खर्ची पडत असल्याने त्याला पायरोलिसिसपेक्षा बायोगॅस अधिक मानवतो. टरफलाच्या तेलाला ब्रेक लायनिंग, रंग व रेझिन यांच्या उद्योगांतूनही मागणी असते, त्यामुळे इंधन म्हणून ते परवडेल की नाही हे बऱ्याच अंशी या उद्योगांनी दिलेल्या भावावर ठरते.