कामात चोख, पहाटे तीनला जागा

कर्तबगार माणसाने जीव दिल्याची बातमी आली की हळहळ ठरलेली असते: “याला काय कमी होतं? परवा संध्याकाळी लग्नात भेटला होता, हसतखेळत!” नैराश्य आलं की माणूस अंथरूण धरतो, असं आपण गृहीत धरतो. जबाबदारी अंगवळणी पडलेल्या माणसाचं काम मात्र सगळ्यात शेवटी बिघडतं.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा यंत्रमाग कारखानदार घ्या. आठच्या ठोक्याला शटर वर जातं, कामगारांचा पगार अडत नाही, जीएसटीचं रिटर्न चुकत नाही. या कामांना तारखा असतात, त्यामुळे मन नसलं तरी ती उरकली जातात. ज्याला तारीख नाही ते आधी सुटतं. रविवारची सिद्धेश्वर तलावावरची फेरी बंद होते. डब्यातली कडक भाकरी नि शेंगाचटणी अर्धी परत येते. मुलांवर फुटकळ कारणाने खेकसणं वाढतं. तासाभराच्या हिशेबाला तीन तास लागतात आणि तो रात्री जागून ते भरून काढतो. घरच्यांना त्यात कष्टाळूपणाच दिसतो.

सगळ्यात बोलकी खूण झोपेत सापडते. तिच्यामागे संप्रेरकांची एक साखळी असते. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि त्या हुकमावर मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तयार करतात. मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसॉल तळाला असतं, पहाटे चढू लागतं आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं. पुरेसं झालं की तेच मेंदूतल्या रिसेप्टरना चिकटून वरचा हुकूम थांबवतं, टाकी भरली की फ्लोट व्हॉल्व्ह पाणी तोडतो तसं. तीव्र नैराश्याच्या बऱ्याच रुग्णांत हा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. हे डेक्सामेथासोन (कॉर्टिसॉलसारखं काम करणारं औषध) देऊन केलेल्या चाचणीत दिसलं. रात्री अकराला १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिलं, की निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल दुसऱ्या दिवशी दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या खाली दबून राहतं. या रुग्णांत ते पुन्हा वर येतं. मात्र सगळ्याच रुग्णांत तसं होत नाही आणि इतर आजारांतही होतं, म्हणून निदानासाठी ही चाचणी वापरत नाहीत. मोबाइलवर खपणाऱ्या ‘कॉर्टिसॉल उतरवणाऱ्या’ पावडरींवर पैसे घालवू नका. ‘बाहेरचं’ समजून उतारे काढण्यातही उपचाराचे मोलाचे आठवडे जातात.

रात्री ही साखळी शांत झाली नाही, तर झोप उथळ होते आणि नेहमीपेक्षा दोनेक तास आधीच मोडते. अशा नैराश्यात पहाट सगळ्यात जड जाते. दिवस कलेल तसं मन थोडं हलकं होतं. संध्याकाळच्या लग्नात भेटणाऱ्याला त्याची पहाट कुठून दिसणार?

म्हणून “काम कसं चाललंय?” असं विचारू नका, उत्तर “मस्त” असंच येतं. “जाग किती वाजता येते? त्यानंतर डोक्यात काय चालतं? शेवटचं मनापासून बरं कधी वाटलं होतं?” असं विचारा. “जगणं नको वाटतं का?” हेही स्पष्ट विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर “हो” आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. नैराश्याच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच, त्यात उदासी किंवा कशातच रस न वाटणं यापैकी एक, जवळजवळ रोज दोन आठवडे असतील तर निदान होऊ शकतं. त्यासाठी काम ठप्प व्हायलाच हवं असं नाही, तीव्र मानसिक त्रासही पुरतो. चार तास झोपूनही माणूस ताजातवाना, बडबड आणि खर्च अफाट, असं कधी झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तो बायपोलर आजार असू शकतो आणि त्याची औषधं वेगळी असतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या, त्यांच्या बिघाडानेही असाच थकवा येतो.

झोपेसाठी दारू घेणं हमखास अंगाशी येतं: डोळा पटकन लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं. सोलापुरात शासकीय सर्वोपचार रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. ‘फरक नाही’ म्हणून दहाव्या दिवशी त्या बंद करणं ही नेहमीची चूक आहे. बरं वाटू लागल्यावरही त्या साधारण सहा महिने चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करतात.